देवमन मिस्त्रींचा कान

देवमनभाऊंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते सागाच्या एका ओंडक्याला कान लावून उकिडवे बसले होते. ओंडक्याच्या दुसऱ्या टोकाला शेषराव उभे होते, हातात लहान हातोडी. ते लाकडावर हलकेच ठोकायचे, थांबायचे, पुन्हा ठोकायचे. कारखान्यातला माझा तो पहिला दिवस होता. मला वाटलं, नव्या बाईची गंमत चालली आहे. मी हसले. देवमनभाऊ हसले नाहीत. डोळे मिटलेलेच ठेवून त्यांनी मला हाताने गप्प राहायची खूण केली.

मग उठून गुडघे झाडत म्हणाले, "पोकळ नाई. पन मधात एक चीर हाये. इकडून कापलं त दोन फळ्या जातीन, तिकडून कापलं त एकच."

ओंडका कापला तेव्हा चीर होती. एकच फळी गेली.

आमचा कारखाना वाशीमहून अनसिंगकडे जाणाऱ्या रस्त्यावर होता, पत्र्याच्या तीन शेडांचा. पहिल्या शेडमध्ये आरा, दुसऱ्यात भट्टी, तिसऱ्यात फर्निचर. जंगलाचा साग आमच्याकडे फारसा येत नसे. यायचा तो शेतकऱ्यांनी लावलेला, धुऱ्यावरचा, म्हणजे शेताच्या बांधावरचा, नाहीतर एखाद्या एकरात ओळीने उभा केलेला, वीस-पंचवीस वर्षांचा. माझ्याकडे भट्टी होती. कापलेल्या फळ्या पट्ट्या मध्ये घालून रचायच्या, बंद खोलीत गरम हवेवर हळूहळू सुकवायच्या आणि ओलावा किती उतरला ते रोज यंत्राने पाहायचं. ओली फळी पुढे गेली तर सहा महिन्यांनी गिऱ्हाइकाच्या घरी कपाटाचं दार वाकतं. पण भट्टीत येणारी फळी कशी असेल ते ठरायचं आऱ्यावर, आणि आऱ्यावर देवमनभाऊ होते.

उंच, किडकिडीत माणूस. भुवयांवर कायम भुसा. डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळलेला, तो संध्याकाळपर्यंत पिवळट व्हायचा. चहा कोरा आणि बिनसाखरेचा. दूध का नको, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "दुधानं जिभेवर साय बसते. मंग लाकडाची चव येत नाई." मला हेही खोटं वाटलं होतं. पण ते खरंच ताज्या कापाला जिभेचं टोक लावत आणि सांगत, हे झाड काळ्या मातीतलं की मुरमाडीचं. काळ्या मातीतला साग भराभर वाढतो, म्हणून नरम आणि पांढरा भाग जास्त. मुरमाडीवरचा हळू वाढतो, पण गाभा भरलेला असतो. ट्रॅक्टरवाल्याला गाव विचारायची त्यांना गरज पडत नसे. तरी विचारत, आणि आपलं बरोबर आलं की शेषरावांकडे बघून एक भुवई उचलत.

प्रत्येक ओंडका आऱ्याच्या ट्रॉलीवर चढवण्याआधी त्यांचं एकच वाक्य असे. "थांबा जरा, त्याले इचारून घेऊ." मालक घाईत असले तरी तेच. एकदा मालक वैतागून म्हणाले, "मिस्त्री, ते लाकूड आहे, पाहुणा नाही." देवमनभाऊंनी मान डोलावली आणि कान लावून बसले.

हे विचारणं मुख्यतः लोखंडासाठी असे. धुऱ्यावरच्या झाडाला शेतकरी काय काय ठोकतो. काटेरी तारेच्या कड्या, बैल बांधायची साखळी, पाटी. झाड वाढतं आणि ते सगळं पोटात घेतं. वरून साल एकसारखी दिसते. आऱ्याचं पातं वेगात फिरत असताना आत लोखंड लागलं तर पातं तुटतं, आणि तुटलेलं पातं कुणाचं नातं बघत नाही. म्हणून ठोकून ऐकायचं. जिथे लोखंड असेल तिथे आवाज जरा आखूड होतो, असं ते म्हणत. मी खूप प्रयत्न केला. मला सगळे आवाज सारखेच वाटायचे.

इंझोरीची एक म्हातारी आठवते. मुलाने साग विकला, तर ही ट्रॅक्टरवर लाकडांच्या मागे बसून कारखान्यापर्यंत आली. कशाला आली हे तिला नीट सांगता येईना. झाडं नवऱ्याने लावली होती, एवढंच म्हणाली. मुलगा ओशाळला होता. देवमनभाऊंनी तिला सावलीत खुर्ची दिली आणि कामाला लागले. तिसऱ्या ओंडक्याला कान लावल्यावर थांबले. त्यांनी छिन्नी घेतली आणि हळूहळू लाकूड उकललं. आत बोटभर खोल एक मोठा खिळा होता. त्याच्याभोवती लाकूड शाईसारखं काळं पडलेलं. त्यांनी खिळ्याच्या डोक्यापासून सालीपर्यंतची वलयं नखाने मोजली.

"माय, ह्या खिळ्याले अकरा वर्सं झाले. कोनं ठोकला मालूम हाये का?"

म्हातारी उठून जवळ आली. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "भाकरीचं गाठोडं कुत्र्यानं नेलं होतं एक डाव. दिवसभर उपाशी राह्यले. दुसऱ्या दिवशी खिळा ठोकला त्याईनं, गाठोडं टांगाले." खिळ्यावरून बोट फिरवत म्हणाली, "पुढच्या साली गेले."

देवमनभाऊंनी खिळा उपसला, दुपट्ट्याने पुसला आणि तिच्या हातावर ठेवला. तिने तो पदराच्या टोकाला बांधला. त्या दिवशी देवमनभाऊंनी आरा अर्धा तास उशिरा चालू केला, आणि मालकांनीही काही म्हटलं नाही.

शेषरावांबद्दल सांगायला हवं. आऱ्यावर दोन माणसं लागतात. एक पुढे, ओंडका पात्यावर ढकलणारा. दुसरा मागे, कापून आलेली फळी झेलणारा. पुढचा देवमनभाऊ, मागचा शेषराव. दोघेही अनसिंगचे. शेषराव दहा वर्षांनी लहान, ठेंगणे, बोलके, तंबाखू मळत सगळ्या कारखान्याची चेष्टा करणारे. पण आरा सुरू झाला की तेही गप्प. त्या आवाजात बोलून उपयोगच नसे. सोळा वर्षं दोघे त्या पात्याच्या दोन बाजूंना उभे होते. पूर्वी गावाहून येताना मोटारसायकल देवमनभाऊ चालवायचे आणि शेषराव मागे बसायचे. मधे कधीतरी ते उलटं झालं. आम्हाला वाटलं, वय झालं.

वयापेक्षा वेगळं काही आहे हे मला फार उशिरा कळलं, आणि तेही कारखान्यात नाही. अनसिंगला नात्यात बारसं होतं. दुपारी मोकळी होते म्हणून देवमनभाऊंच्या घरी डोकावले. सुट्टीचा वार होता. दार उघडंच होतं. आत टीव्ही एवढ्या मोठ्याने लावलेला की गल्लीत ऐकू यावा, आणि समोर देवमनभाऊ पाठमोरे बसलेले. मी तीनदा हाक मारली. ते हलले नाहीत. स्वयंपाकघरातून त्यांची बायको चंद्रकलाबाई आली. मला पाहून तिचा चेहरा उतरला. तिने मला तशीच चुलीकडे नेलं.

"आवाज बंदच ठेवला तरी चालते त्याईले," ती म्हणाली. "पन शेजाऱ्याईले वाटलं पायजे ना, आयकून राह्यले मनून. मी बोलतो त माह्या तोंडाकडे पायत रायतात. उजव्या कानात कायी नाई, डाव्यात थोडंसं. दोन-तीन वर्सं झाले."

"डॉक्टर?"

"दाखवलं. मशीनच्या आवाजानं गेले मनते. आता येत नाई मनते." तिने माझा हात धरला. "ताई, कोनाले सांगू नोका. आऱ्यावरून काढलं त हा मानूस घरात बसून मरन. दोन वर्सं राह्यले, मंग ते सोताच सोडनार हायेत."

मी हो म्हटलं. बाहेर देवमनभाऊंनी मला पाहिलं, गडबडीने उठले, खुर्ची पुसली, माझ्यासाठी दुधाचा चहा करायला लावला. माझ्या ओठांकडे बघत बोलत होते. आता मला ते दिसत होतं.

नंतर कारखान्यात मी त्यांच्याकडे वेगळ्या नजरेने पाहू लागले. ते पूर्वीसारखेच कान लावून बसत. पण आता एक तळहातही लाकडावर दाबून ठेवलेला असे. ठोके वाढले होते. चारऐवजी दहा, बारा. कधी ते ओंडका पुन्हा उलटून विचारत. मला वाटायचं, हाताला समजत असेल. इतक्या वर्षांचा माणूस आहे. दोनदा त्यांनी लोखंड पकडलंही, आणि मी सुटल्यासारखा श्वास घेतला. मालकांच्या खोलीच्या दारापर्यंत मी एकदा गेले होते. आत कुणी बसलं होतं म्हणून परत फिरले. पुन्हा गेले नाही. आत कुणी नसतं तरी मी बोलले असते की नाही, हे मला आजही सांगता येत नाही.

तो दिवस उन्हाळ्याचा होता. एका वसतिगृहाच्या खाटांचं काम चाललं होतं, आणि शिरपूरकडच्या एका शेतातला माल आला होता. बारीक, सरळ साग. मी भट्टीच्या दारात उभी होते. देवमनभाऊंनी कान लावला, शेषरावांनी ठोकलं. देवमनभाऊंनी हात फिरवला, मान हलवली. ओंडका ट्रॉलीवर चढला.

पहिल्या दोन फळ्या नीट निघाल्या. तिसऱ्या वेळी मागे फळी अडकली, आणि शेषराव ती दोन्ही हातांनी ओढू लागले. तेवढ्यात आऱ्याचा आवाज बदलला. एरवी तो जाड असतो. तो एकदम चढला, बारीक झाला. मी चाळीस फुटांवर होते आणि मला कळलं. ज्या माणसाला लाकडातलं काही समजत नाही त्यालाही कळलं असतं.

शेषराव ओरडले, "भाऊ, बंद करा. भाऊ."

देवमनभाऊ खाली लाकडाकडे बघत होते. त्यांनी ट्रॉली पुढे ढकलली.

पातं तुटलं त्याचा आवाज फार मोठा नव्हता. नंतर सगळं शांत झालं, कारण कुणीतरी मुख्य बटण बंद केलं होतं. शेषराव जमिनीवर बसले होते आणि आपल्या उजव्या हाताकडे बघत होते. देवमनभाऊंनी डोक्याचा दुपट्टा सोडून त्यांच्या दंडाला आवळून बांधला. तो बांधताना ते एकसारखं म्हणत होते, "काय झालं बापा, काय झालं." मालकांच्या गाडीत घालून शेषरावांना वाशीमला आणि तिथून अकोल्याला नेलं. जीव वाचला. हात कोपराखालून काढावा लागला.

ओंडक्यात काटेरी तारेची कडी निघाली, माझ्या करंगळीएवढी.

चौकशीला सरकारी साहेब आले त्याच्या आदल्या दिवशी मालकांनी आम्हाला सगळ्यांना बोलावलं. लाकडात लोखंड होतं, ते कुणाला दिसणं शक्य नव्हतं, आणि शेषराव उभे राहायच्या जागेपेक्षा जास्त पुढे आले होते, असं सांगायचं ठरलं. शेषरावांनी दवाखान्यातून जबाब दिला होता. त्यात त्यांनी एवढंच सांगितलं होतं की पातं जुनं होतं.

साहेबांनी एकेकाला विचारलं. सगळे ठरलेलं बोलले. देवमनभाऊ कोपऱ्यात उभे होते. त्यांना काही विचारायच्या आधीच ते पुढे आले.

"लोखंड होतं, सायेब. पन ते मले आयकू यायले पायजे होतं. शेषराव वरडला, तेबी मले आयकू यायले पायजे होतं. मले आयकू येत नाई. तो जाग्यावरच होता. चूक माही हाये."

मालक टेबलाकडे बघत राहिले. साहेबांनी काहीतरी विचारलं, ते देवमनभाऊंना कळलं नाही. साहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही लिहून दाखवा त्यांना. हे कारखान्यात कुणाला माहीत होतं का, असं विचारा."

मी कागद घेतला आणि लिहिलं. माझ्या अक्षरात लिहिलं. देवमनभाऊंनी कागद डोळ्यांजवळ धरून वाचला. मग मान वर केली. ते माझ्याकडे बघत होते की माझ्या मागच्या भिंतीकडे, मला कळलं नाही.

"कोनालेच नाई," ते म्हणाले. "मी लपवलं होतं."

मी कागदाची घडी घातली. आजही त्या खोलीतलं माझं गप्प बसणं मला जितकं आठवतं तितकं आयुष्यातलं दुसरं काही आठवत नाही.

त्यांच्या जबाबामुळे शेषरावांवरचा ठपका गेला आणि त्यांना कायद्याप्रमाणे मिळायचं ते मिळालं. देवमनभाऊ दुसऱ्या दिवसापासून आले नाहीत. आऱ्यावर कारंजाकडचा नवा मिस्त्री आला. त्याच्याकडे लोखंड शोधायचं यंत्र होतं, लाकडावरून फिरवलं की वाजणारं. ते यंत्र बाजारात कितीतरी वर्षांपासून होतं. आम्ही घेतलं नव्हतं, कारण आमच्याकडे देवमनभाऊ होते.

पुढचं मला कारखान्यातल्या लोकांकडून तुकड्यातुकड्याने कळत गेलं. देवमनभाऊ शेषरावांच्या घरी गेले तेव्हा शेषरावांच्या बायकोने, नंदाबाईने, त्यांना अंगणातूनच परत पाठवलं. काय बोलली ते सगळ्या गल्लीने ऐकलं. ज्याला बोलली त्यालाच ऐकू आलं नाही. पण चेहरा दिसला असेल. दुसऱ्या दिवशी ते घराकडे गेलेच नाहीत. उजाडताच सरळ शेषरावांच्या अडीच एकराच्या वावरात गेले आणि काडीकचरा वेचू लागले. त्या वर्षी सोयाबीन त्यांनी पेरलं, त्यांनीच निंदलं, सोंगायला, म्हणजे कापणीलाही, तेच होते. पेरणीच्या वेळी शेषराव वावरात आले म्हणतात. शेषरावांनी डाव्या हाताने बियाण्याची पिशवी पुढे केली आणि देवमनभाऊंनी ती घेतली. नंदाबाईने पहिलं वर्षभर त्यांच्याकडे पाहिलं नाही. दुसऱ्या वर्षी ती नवऱ्याबरोबर दोन जास्तीच्या भाकरी पाठवू लागली. चंद्रकलाबाई त्या हिवाळ्यात गेली, थोड्याशा तापाने. तिसऱ्या दिवशी देवमनभाऊ वावरात होते.

मी तिकडे जायला तीन वर्षं लावली. कारखाना सोडायचं ठरलं होतं, नवऱ्याची बदली झाली होती. आता नाही गेले तर कधीच जाणार नाही, असं वाटलं. श्रावणातली सकाळ होती, ढगाळ. शेषराव धुऱ्यावर बसले होते. रिकाम्या बाहीची गाठ मारलेली. मला पाहून उठले, हसले, "या ताई," म्हणाले. देवमनभाऊ दूर सोयाबीनच्या ओळींत बैल धरून डवरा हाकत, तण काढत होते. शेषरावांनी दुपट्टा हवेत फिरवला. देवमनभाऊंनी बैल थांबवले आणि चालत आले.

ते म्हातारे झाले होते. दुपट्टा आता पांढराच होता, भुसा नव्हता. मला पाहून फार आनंदले. फार मोठ्याने बोलत होते, आपलाच आवाज न ऐकणाऱ्या माणसासारखं. "ताई, भट्टी कशी हाये? ओल्या फळ्या पुढं जाऊ देऊ नोका."

मी ठरवून आले होते. त्यांच्यासमोर उभी राहिले आणि म्हणाले, "भाऊ, मला माहीत होतं. तुमच्या घरी आले होते तेव्हाच चंद्रकलाबाईंनी सांगितलं होतं. मी कुणालाच बोलले नाही. बोलले असते तर शेषरावभाऊंचा हात राहिला असता. त्या दिवशी साहेबांसमोरही बोलले नाही."

त्यांनी माझ्या ओठांकडे निरखून पाहिलं. मी रडत होते, त्यामुळे ओठ नीट हलले नसतील. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"तब्येत बरी हाये माही," ते म्हणाले. "चंद्रकला गेली, पन बाकी बरं हाये. रडू नोका." आणि बैल उभे होते म्हणून परत गेले.

मी मागे वळले. शेषरावांनी सगळं ऐकलं होतं. मला त्यांच्याकडे बघवेना. ते पुन्हा धुऱ्यावर बसले आणि माझ्यासाठी दुपट्टा पसरला.

"मले तुमच्याआंधीपासून मालूम होतं, ताई," ते म्हणाले. "चार वर्सं. सोळा वर्सं समोर उभा राह्यलो, मले कसं समजनार नाई? मी हातानं इशारा करत होतो त्याले. आवाज बदलला का हात वर. लोखंड वाटलं का ठोकतानीच दोन बोटं दाखवत होतो. तो हातावर चालत होता, अन् आमी दोघंबी त्याबद्दल कधी बोललो नाई." त्यांनी समोर पाहिलं. "त्या दिवशी फळी अडकली. दोन्ही हात गुंतले होते. मनून तोंडानं वरडलो. चार वर्सात पयल्यांदा."

मग मी विचारलं, "त्यांना हे सांगितलं का?"

"दोन डाव सांगतलं. एक डाव जमिनीवर लिवून दाखवलं. तो मनते, आऱ्याच्या आवाजात सगळेच हातानं सांगतात, मले बरं वाटावं मनून तू खोटं बोलून राह्यला." शेषराव जरा हसले. "सगळ्याईले फसवलं, असंच त्याच्या मनात बसलं हाये. आता काय करता?"

देवमनभाऊ वावराच्या त्या टोकाला पोचले होते. बैल वळले आणि थांबले. ते आमच्याकडे तोंड करून उभे राहिले, हलेनात.

"थकले का?" मी म्हटलं.

"नाई," शेषराव म्हणाले आणि उठून उभे राहिले. "वळला का आंधी इकडे पायते. मी दाखवल्याबिगर पुढची ओळ धरत नाई."

त्यांनी डावा हात वर केला. तिकडे देवमनभाऊंनी बैलांना हाकललं.